माठाशेजारची बाटली

वाळ्याचा वास आला की माझी जीभ अजूनही कोरडी पडते. लोकांना त्या वासानं गारवा वाटतो, मला तहान आठवते; साधीसुधी नव्हे, चौदाव्या वर्षीच्या त्या उन्हाळ्यातली, कितीही पाणी ओतलं तरी न विझणारी दारुण तहान. अमरावतीचं ऊन ज्यानं भोगलं नाही त्याला कसं सांगू! भिंतीला पाठ टेकावी तर भिंत चटका देते, आणि अख्ख्या घरात निववणारी जागा एकच, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली माठाची तिवई. सरकारी पाट्यांवरचं मध्य प्रदेश पुसून नुकतंच मुंबई राज्य लिहिलं गेलं होतं, त्या वर्षीची ही गोष्ट. मी त्या तिवईपाशी मुक्कामच ठोकला होता.

"काय वं, पोटात विहीर खंदून ठेवली काय तू?" आत्या म्हणायची. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, नानांची, थोरली बहीण. कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी परतलेली, आणि माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मोरीत मुंग्यांच्या रांगा लागू लागल्या तेव्हा तिनं मला कोपऱ्यात गाठलं. "गूळ चोरून खाऊन राह्यली न तू? खोटं नको सांगू मले!" तिला बिचारीला काय ठाऊक, की त्या मुंग्या गुळावर नव्हे, माझ्या देहातून वाहून जाणाऱ्या साखरेवर आल्या होत्या! गाल बसले, परकराची नाडी रोज आवळावी लागू लागली, आणि एका सकाळी मला उठताच येईना, तेव्हा नानांनी बडनेऱ्याहून गाडी धरून मला अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

मधुमेह. केवढा गोड शब्द, आणि केवढा क्रूर! जन्मभर रोज सुई, जन्मभर गोडाला रजा; सुई चुकली नाही तर पोर म्हातारी होईल, चुकली तर सांगता येत नाही, असं डॉक्टर शांतपणे म्हणाले. "बाटली थंड जागी ठेवा. उन्हानं हे औषध मरतं." नानांनी आवाज उतरवून विचारलं, हे कशापासून करतात? "डुकराच्या शरीरातून काढतात," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. परतताना घराच्या वळणावर नाना एवढंच म्हणाले, "आत्याले सांगू नको हं बाई."

का, ते मला कळत होतं. आत्याचं सोवळं कोणाला डाफरण्यासाठी नव्हतं. नवरा नाही, मूल नाही, अंगावर दागिना नाही; तिच्याजवळ होतं ते इतकंच, की तिचा हात देवाला चालतो. रोज सकाळी ती बाळकृष्णाला न्हाऊ घालायची, आणि मी अंथरुणातून ऐकत असायची, "डोये मीट रे राजा, पाणी जाईन." माणसाला जगायला किती थोडं लागतं, आणि ते थोडंच किती सहज हिरावता येतं! बाटली तिवईवर तिच्या माठाला चिकटून, ओल्या फडक्यात गुंडाळून राहिली, आणि आत्या येताजाता त्या फडक्यावर पाणी शिंपडायची. पोरीचं औषध, सुकू नये.

आणि मी? मला आजाराचं दुःख नव्हतं, संताप होता. दुःख माणसाला मऊ करतं म्हणतात. मला तर संतापानं काटेरी केलं. मैत्रिणी दिसल्या की मी दार लावून घ्यायची. सुईची काचेची पिचकारी उकळताना भांड्यात खडखडली की माझं काळीज उडायचं, आणि ज्या कोणाचं काळीज धड आहे त्या सगळ्यांचा मला राग यायचा. पण राग काढायचा कोणावर? जो आपल्याला सोडून जाणार नाही, त्याच्यावरच ना!

अक्षय्यतृतीया आली. पितरांसाठी नवी घागर भरली, घरभर पुरणाचा आणि आमरसाचा वास कोंदला. पितरांना पान वाढलं, नानांना वाढलं, माझ्यापुढे ज्वारीची भाकर आणि कारल्याची भाजी आली. आत्याचे डोळे भरलेले होते, हे मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त तिच्या बोटाला लागलेला रस दिसला. नाना हात धुवायला उठले तशी मी तिला म्हटलं, "मेलेल्यांना रस, अन् मले कारलं! तुह्या माठापाशी ती बाटली हाय न, ते गाईचं औषध हाय. गाय कापून काढतेत ते."

गाय! डॉक्टर काय म्हणाले होते ते मी या कानांनी ऐकलं होतं. पण डुकराचं म्हटलं असतं तर आत्या शंभरदा न्हाली असती आणि मोकळी झाली असती. गाईला मात्र तिच्या लेखी प्रायश्चित्तच नव्हतं. नेमका तोच शब्द मला सुचला. कुठून सुचला असेल?

त्या दिवशी ती जेवली नाही. भावानं हे आपल्यापासून लपवलं, याबद्दल ती नानांना एका शब्दानं विचारायलाही गेली नाही. संध्याकाळी माठ उपडा झाला, तिवई घासली गेली, आणि बाटली पुढच्या खोलीतल्या फळीवर गेली, तापणाऱ्या पत्र्याच्या छपराखाली. फडकं आहेच की, म्हणून नानांनी ती तिथंच राहू दिली. पण ते फडकं कोणी भिजवलंच नाही. मलाही ते कोरडं दिसत होतं. दिसत होतं, आणि मी रुसून बसले होते.

महिना भरायच्या आत उन्हानं औषध मेलं, आणि मी बेशुद्ध पडले. दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा आत्या पायथ्याशी बसली होती, दोन दिवस तिथंच होती म्हणे. घरी आले तो बाटली पुन्हा तिवईवर, माठाला चिकटून. फडकं ओलं. आणि बाळकृष्णाला आंघोळ नाना घालत होते, आपल्या जाड्याभरड्या हातांनी.

"अक्का, आंघोळ कर अन् पूजा कर, एवढं काय त्यात?" नाना म्हणत; तिला डुकराचं कळलं, असंच ते धरून होते. ती मान हलवायची. पुढं दहा वर्षं रोज तिनं त्या बाटलीचं फडकं भिजवलं, आणि दहा वर्षं देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून दुरूनच हात जोडले. मी शिकले, अकोल्याच्या शाळेत मास्तरीण झाले, सुट्टीत घरी येत राहिले. दर वेळी ठरवून यायची, या खेपेला सांगायचं. दर वेळी तशीच परत जायची.

मग ती अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवशी नानांनी देवघरातून बाळकृष्ण आणला आणि तिच्या हाताशी धरला. तिनं दोन्ही हात झटकन गोधडीखाली ओढून घेतले. "नको रे नाना. माहे हात नाही चालत." मग माझ्याकडे बघून हसली. "पोर जगली न, बस झालं."

एकच वाक्य होतं. आत्या, गाय नव्हती गं. तेवढ्यानं ते हात बाहेर आले असते. आज मी स्वतःला सांगते, की ते सांगून तिची दहा वर्षं उगाच गेली हे मला तिला कळू द्यायचं नव्हतं. पण तुमच्यापाशी कशाला खोटं बोलू? मला भीती वाटली, ती माझ्याकडे कशी पाहील याची. मी तिच्या उशाशी बसून राहिले, आणि नानांनी बाळकृष्ण परत देवघरात नेऊन ठेवला.