तात्यांचं खडूचं गाव

जर्मन तात्या रस्त्यानं मान वर करून चालत. सिरसाळ्याच्या बाजाराच्या दिवशी शहाणी माणसं शेण, खड्डे आणि शेळ्यांच्या दोऱ्या चुकवत खाली बघून चालतात. हा उंच, वाकलेल्या नाकाचा म्हातारा मात्र भर एप्रिलात लोकरीची टोपी घालून दुकानांच्या पत्र्यांकडे, लिंबाच्या शेंड्याकडे, पाण्याच्या टाकीवरच्या कावळ्यांकडे बघत जायचा आणि हमखास कुणाच्या तरी टोपलीत पाय घालायचा. टोपलीवाली तोंड सोडायची. तात्या टोपी काढून तिची जर्मनमध्ये माफी मागायचे, आणि ती आणखी भडकायची. "वर बघा, पोरींनो," ते आम्हाला म्हणत. "गाव वर दिसतं. खाली काय, समदीकडं सारखाच चिखल हाय."

तात्या मूळचे फिटर. पुण्याच्या एका कारखान्यानं त्यांना मशीन शिकायला जर्मनीतल्या एका लहानशा गावी पाठवलं. काही महिन्यांसाठी गेलेले तात्या तिथं काही वर्षं राहिले, आणि इकडे आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आले. त्यानंतर त्यांची जर्मन भाषा टोपलीवाल्या बायकांची माफी मागण्यापुरतीच उरली होती. मग जर्मनीत नर्स पाहिजेत, अशी बातमी आमच्यासारख्या नर्सिंग केलेल्या मुलींपर्यंत आली, आणि बियाणं-खताच्या दुकानाच्या माडीवर तात्यांचा वर्ग सुरू झाला. खालून फवारणीच्या औषधांचा उग्र वास यायचा. अजूनही तो वास आला की मला जर्मन क्रियापदं आठवतात.

पुस्तकावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी माडीच्या फरशीवर खडूनं ते अख्खं गाव काढलं होतं. जिन्याशी वेस, वेशीतून आत आलं की उजव्या हाताला पाववाला, पुढे चौक, चौकात नगरपालिकेची जुनी इमारत, तिच्या मागून जाणारी मिठाची गल्ली. आम्ही चपला जिन्यात काढून त्या गावात शिरायचो. पाववाल्याशी नमस्कार-चमत्कार केल्याशिवाय चौकात जायचं नाही, असा नियम होता. चुकीचं वाक्य बोललं की परत वेशीबाहेर. मी त्या वेशीबाहेर इतका वेळ काढलाय की तिथला जकातदार मला नावानं ओळखायला लागला असता.

इतिहासही तिथंच, उभ्या उभ्या. गावाखाली मिठाच्या पाण्याचा झरा, त्या मिठावर गाव श्रीमंत झालं. एकदा सगळं जळालं, तेव्हा लोकांनी पुन्हा घरं बांधली आणि दर दाराच्या वर लाकडात आपलं नाव आणि बांधल्याचं साल कोरलं. ती सालं तात्यांनी भिंतींवर मुद्दाम उंच लिहून ठेवली होती, वाचताना मान वर करावी लागावी म्हणून. नगरपालिकेच्या धुराड्यावर करकोच्यांचं घरटं. करकोचे परत आले की मुलांना शाळेत गोड पाव वाटतात. रविवारी खिळा ठोकायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. संध्याकाळचं जेवण म्हणजे गार पाव आणि चीज. हे ऐकून दिंद्रुडची एक मुलगी रडायच्या बेताला आली होती. "रातच्याला बी गारच खायचं? मग तिकडं जायचं कावून?"

त्यांची आवडती गोष्ट म्हणजे तिशीच्या नवरदेवाची. तिकडे तिशी गाठूनही ज्याचं लग्न झालं नाही, त्याला मित्र चौकात आणून नगरपालिकेच्या पायऱ्या झाडायला लावतात. एखाद्या कुमारिकेनं येऊन मुका घेतला की सुटका. आम्ही ओढणी तोंडात कोंबून हसायचो. "हसता काय? आपल्याकडं धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवत्यात, ते बरं चालतं! मी तिकडं सांगितलं तर ते लोक बी असेच हसले. तवाच मला कळलं, ही आपलीच माणसं हायेत."

आणि मिठाच्या गल्लीत ओमाचं घर. ओमा म्हणजे आजी. तात्यांची घरमालकीण. खडूच्या गावात तिच्या घराच्या जागी ते खरी खुर्ची ठेवत आणि त्या खुर्चीवर कुणालाही बसू देत नसत. पहिल्याच हिवाळ्यात तात्यांना न्यूमोनिया झाला, तेव्हा या बाईनं त्यांना पोटच्या पोरासारखं जपलं, चमच्यानं सूप पाजलं. भूतकाळाचे आमचे सगळे धडे त्या घरावर झाले. इथे ओमा राहत होती. इथे ओमा पाव भाजत होती. इथे, काचेच्या कपाटात, ओमाची चिनी मातीच्या तोंडाची बाहुली होती, आणि तिला ओमा कुणाला हात लावू देत नव्हती.

माझे आई-बाप दसरा झाला की ऊसतोडीला जात आणि पाडव्याच्या सुमारास परतत. निम्मं वर्ष आमच्या गल्लीतल्या दारांना कुलपं. मी आत्याकडे वाढले. तात्यांच्या त्या फरशीवरच्या गावात मात्र सगळी दारं उघडी होती. दर दारात कुणीतरी उभं होतं आणि मला नमस्कार करत होतं. ते गाव मला माझं वाटायला लागलं होतं, हे मी आज सरळ कबूल करते. इस्पितळं निवडायची वेळ आली तेव्हा मी हट्टानं त्याच गावातला वृद्धाश्रम मागून घेतला.

पोहोचले त्या दिवशी फोनवरचा नकाशा उघडला नाही. वेस, पाववाला, चौक, पायऱ्या, सगळं जिथल्या तिथे. मी मान वर करून प्रत्येक दारावरचं साल मोठ्यानं वाचत गेले. पाववालीला तात्यांनी शिकवलेला नमस्कार-चमत्कार पुरा केला, तर ती बाई हातातलं काम सोडून बघतच राहिली. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना मी त्यांच्याच गावाचा इतिहास सांगायचे, आणि तेही कौतुकानं ऐकायचे. तात्यांना रोज फोन. "करकोचे हायेत का?" ते विचारायचे. "पायऱ्या झाडताना कुनी दिसलं का गं?"

नोव्हेंबर उजाडला. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि मी घरच्या आठवणीनं कासावीस होते. त्या दुपारी मिठाच्या गल्लीत काही माणसं आणि शाळेची मुलं गुडघ्यांवर बसून फरशीत बसवलेले पितळेचे चौकोनी तुकडे घासत होती. ओमाच्याच दारासमोर. शेजारी मेणबत्त्या, पांढरी फुलं. इतक्या महिन्यांत मी त्या गल्लीतून किती वेळा गेले होते, पण पायाखाली पितळ आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! उंबऱ्यासमोर घासूनपुसून लख्ख केलेलं पितळ, दिवा, फुलं. म्हटलं, यांच्यातही दारातल्या देवाची पूजा असते, आणि तात्या नेमकी हीच सांगायची विसरले. मी त्या थंडीत बूट काढले. पर्समध्ये आईनं दिलेली परळीच्या देवळातली कुंकवाची पुडी होती. चिमूटभर कुंकू घेतलं, एका पितळेवर वाहिलं आणि हात जोडले.

एक शाळकरी मुलगी किंचाळली. ओल्या पितळेवर कुंकू विरघळून लाल ओघळ चालला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे, ते मला जास्त लागलं. मी वाकून बघितलं तर तिथं अक्षरं होती. इथे राहत होती, मग एका बाईचं नाव. शेजारच्यावर तिच्या नवऱ्याचं. त्याशेजारी एका मुलीचं, आणि सालांवरून ती शाळेत जायच्या वयाची. 'इथे राहत होती' हे मला लगेच वाचता आलं, तात्यांनी घोटून घेतलं होतं. पुढचे दोन शब्द मात्र कळेनात. फोनमध्ये शोधावे लागले. एकाचा अर्थ, धरून नेलं. दुसऱ्याचा, ठार मारलं.

मुलांबरोबर आलेल्या शिक्षकानं मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं. ते कुटुंब ज्यू होतं. कापडाचे व्यापारी. नाझींच्या राजवटीत त्यांना घरातून काढून नेलं, कुणी परत आलं नाही. नेलं ते शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, भर दिवसा, नगरपालिकेच्या त्याच पायऱ्यांसमोर गोळा करून. या गल्लीत अशी आणखी दारं होती. मग तो आपल्या रुमालानं पितळेवरचं कुंकू पुसायला लागला. मी त्याच्या हातातून रुमाल घेतला आणि स्वतः पुसलं. आमच्या गल्लीतली कुलपं पाडव्याला उघडतात. ही माणसं कुलूप न लावताच गेली होती, आणि घरात दुसरेच राहायला आले होते.

त्या दिवशी मी तात्यांना फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारी खिळा ठोकायचा नाही इतकं बारीकसारीक सांगणारा माणूस हे सांगायचं विसरेल? मी मनाची समजूत घालून पाहिली, की त्यांना ठाऊकच नसेल. पण मनात धाकधूक होती, आणि ती खरी निघाली.

रजेवर आले तेव्हा तडक त्यांच्या ओसरीवर गेले. काकूंनी, तात्यांच्या बायकोनं, चहा आणून ठेवला. तात्या खुशीत होते. "करकोचे गेले असतील आता," म्हणाले.

"तात्या, मिठाच्या गल्लीत पितळ हाय."

त्यांनी कप खाली ठेवला. मग टोपी काढून मांडीवर घेतली.

"ते बसवले त्या दिवशी मी खिडकीत हुबा होतो," ते म्हणाले. "ओमा आली अन् तिनं पडदा वडला. मग बसली अन् समदं सांगितलं. तिच्या बापानं ते घर लई सस्तात घेतलेलं. ती तवा एवढीशी. त्यांना नेलं तवा हिनं शेजारच्या माडीवरून बघितलेलं. हे लोक ऱ्हायला आले तवा बाहुली कपाटातच व्हती. दुसऱ्या पोरीची."

"आणि तुम्ही त्या बाहुलीवर आम्हाला भूतकाळ शिकवला."

"वैशू, मी तिकडं परका मानूस. काळा. भाषा न्हाई. मरायला टेकलो व्हतो, त्या बाईनं मला उचललं. तिच्या घराचं उणं मी पोरींसमोर कसं काढू? जीभ रेटली न्हाई."

"माझी जीभ रेटली, तात्या. मी सगळ्यांना सांगत फिरले, की किती मायाळू गाव आहे म्हणून. त्या पोरीच्या नावावर कुंकू वाहिलं मी, देव समजून. तुम्ही मला वर बघायला का शिकवलं, ते मला आता कळलं."

हे मी फार लागट बोलले, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. त्यांचे डोळे भरून आले. काकू दारात उभ्या होत्या, काही न कळून. मी त्यांना म्हटलं, की पुढच्या वर्गाला हे सांगा, ओमाच्या खुर्चीशेजारी खडूनं ते चौकोन काढा. तात्यांनी माझा हात हातात घेतला. "सांगतो. शप्पत सांगतो. पुढच्या पोरींना समदं सांगतो."

मी विश्वास ठेवला. पहिल्या फसवणुकीनंतर दुसऱ्यांदा विश्वास ठेवणं सोपं नसतं, पण माझ्या तोंडात भाषा घालणारा माणूस तो. निघताना मी त्यांच्या पाया पडले.

तात्या पुढच्या हिवाळ्यात गेले. झोपेतच गेले, असं काकूंनी फोनवर सांगितलं. त्या शपथेनंतर सुरू झालेला त्यांचा शेवटचा वर्ग परीक्षा देऊन मोकळा झाला होता. मी खूप रडले, आणि रडतानाही मनाच्या एका कोपऱ्यात एकच प्रश्न होता. विचारायला लाज वाटावी असा, म्हणून काकूंना विचारला नाही.

उत्तर उन्हाळ्याच्या तोंडावर आलं. पूजा, उमापूरची. तात्यांच्या शेवटच्या वर्गातली, आमच्याच वृद्धाश्रमात कामाला आलेली. मी स्टेशनवर घ्यायला गेले. वेशीपाशी ती थबकली आणि खुदकन हसली. "ताई, इथं मी लई उभी ऱ्हायले." पाववालीशी नमस्कार-चमत्कार झाला. पायऱ्या बघून तिनं विचारलं, कुणी झाडताना दिसलं का. मी हो-नाही करत तिच्या जरा मागून चालत होते, आणि माझं सगळं लक्ष तिच्या मानेकडे होतं.

मिठाच्या गल्लीत वळल्यावर तिची मान वर गेली. दारांवरची सालं ती भराभर वाचत सुटली.

"या घराबद्दल तात्यांनी काही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं की! ओमाचं घर हे. बाहुलीवालं." मग जर्मनमध्ये घोकल्यासारखं म्हणाली, "इथे ओमा राहत होती."

"बाहुली कुणाची?"

"ओमाचीच. आनखी कुनाची आसल?"

म्हणजे माझा हात हातात घेऊन घातलेली शपथही खोटी. भांडायला आता समोर माणूस नाही, हीदेखील त्यांनी करून ठेवलेली फसवणूकच वाटली मला. त्यांच्यावर इतका राग मला कधीच आला नव्हता. आणि पूजाच्या तोंडून तो 'भूतकाळ' ऐकताना, त्यांचाच हेल, त्यांचाच जोर, इतकी मायाही कधी दाटून आली नव्हती. पूजाचे बूट त्या मुलीच्या नावापासून वीतभर अंतरावर होते.

"ताई, ते बघा, करकोचा!" ती ओरडली. धुराड्यावर तो एका पायावर उभा होता, तात्यांनी सांगितला होता अगदी तसाच.

मी तिला पोटभर बघू दिलं. तेवढं तात्यांचं. मग तिचं कोपर धरलं आणि म्हटलं, "पूजा, आता खाली बघ."