शेवंतीचा भट्टीतला खरवस

"भट्टीला आपली घाई कळत नाही," हे शेवंतीचं नेहमीचं वाक्य. कुकरची शिट्टी होत नसली तरी हेच, सून उशिरा आली तरी हेच.

आमच्या गावची ही शेवंती परब विक्रोळीच्या चाळीत राहते आणि जवळच्या एका बेकरीत कामाला जाते. तिथं ती पोर्तुगीज टार्ट करायला शिकली. लोणी लावून मैद्याच्या घड्यांवर घड्या घालायच्या, त्याच्या पातळ वाट्या करायच्या, आत दूध, साखर आणि अंड्याचा पिवळा बलक घोटून ओतायचा. भट्टी अशी तापवायची, की वर काळे डाग पडावेत आणि आतलं मऊ, दुधाळ हलतं राहावं. कितीतरी फुटले, कितीतरी करपले. यंदा गणपतीत मात्र एक घाणा असा उतरला, की मालकानंच तिला डबा भरून दिला.

पण अंड्याचं, सणाच्या दिवसांत, घरात कसं न्यायचं? तिनं डबा गॅलरीतल्या कट्ट्यावर ठेवला. नात बाहेरच खाईल.

शेजारच्या सोनूबाईनं झाकण उघडलं. "अगो बाय, खरवस! आणि वाटीसकट खायचा? शेवंते, हात आहेत की जादू गं तुझे!"

ह्याच सोनूबाईनं एकदा तिची बिस्किटं दारातूनच परत केली होती, बेकरीतलं नको म्हणून. शेवंतीनं सांगायला तोंड उघडलं. तोवर बायका जमल्या, वास घेऊ लागल्या, वाहवा करू लागल्या. तिनं तोंड मिटलं. सोनूबाई नैवेद्य म्हणून डबा घेऊन चाळीच्या गणपतीपुढं गेली.

आरतीत शेवंती टाळ्या वाजवत होती, मान खाली घालून. आरती संपली की सांगू, असं तिनं ठरवलं. आरती संपली.

पहिला प्रसाद गुणाजीकाकांच्या हातावर पडला. बायको गेल्यापासून हा मालवणी म्हातारा आषाढी ते कार्तिकी मासळीला, अंड्याला शिवत नाही. त्यांनी डोळे मिटून सावकाश खाल्लं.

"आवशीच्या हातचो खरवस आठवलो गो. आणखी एक दी."

"नको, काकांनू," शेवंती पुढं झाली. "तो खरवस नाय. अंडा आसा त्यात."

"देवापुढं गेलं ना ते!" सोनूबाई कडाडली. "मघाशी काय दातखीळ बसली होती तुझी?"

डबा तूच आणलास, असं शेवंतीला म्हणता आलं असतं. पण ते तिला स्वतःलाच शोभेलसं वाटलं नाही.

काका नळावर गेले. चूळ भरली, परत भरली. मग अगदी हळू म्हणाले, "पयल्या घासाआधी सांगूचा होता गो."

शिव्या दिल्या असत्या तर तिनं पदर पसरून झेलल्या असत्या. तिनं उरलेले टार्ट डब्यात गोळा केले, चपला हातातच घेतल्या आणि घराकडं न वळता अनवाणी हायवेच्या दिशेनं चालू लागली. सोनूबाईनं पाठ फिरवली होती. काका तेवढे नळापाशी ओल्या मिशांनी उभे राहिले, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत.