माणूस शेवटी येतो

आमच्या चिनी भाषेच्या वर्गात सोसायटीचे सेक्रेटरीही येतात. आज बाईंनी शिकवलं, चिनीत आपल्यासारखं 'जो माणूस... तो' चालत नाही, आधी सगळं वर्णन येतं, मग माणूस. काल बाजारात छत्री विसरलेला माणूस, असं. मला आवडलं, नावाआधी निदान त्याचं विसरणं तरी कळतं. सेक्रेटरी मात्र फिस्सकन हसले. "उलटीच भाषा! आधी कोण ते सांगा की!"

संध्याकाळी सोसायटीत नगरसेवकांचा सत्कार होता आणि माईक सेक्रेटरींच्याच हातात. "गोरगरिबांचे कैवारी, विकासाचे महामेरू, तरुणांचे हृदयसम्राट..." बटाटेवडे गार झाले तरी नाव येईना. शेवटी नगरसेवक पोट सावरत उठले. टाळ्या पडल्या.

मी नाही वाजवल्या. चिनी वर्णनाच्या शेवटी निदान माणूस तरी निघतो.