समोरून पाहिलेली बाज

नाचणगावात बंडूजींची बाज लांबूनही ओळखू येई: मधोमध सुतळीची पानं, सगळ्यांची टोकं उशाकडे. ना कागद, ना खुणा. दिवसभर वांग्यांच्या वाफ्यांत राबून संध्याकाळी घरापुढच्या सपरीत बसले की हातांतून पानं उतरत जायची. मागच्या वर्षी लकव्याने उजवा हात नेला आणि विणणं थांबलं.

आता नात आचल आठ दिवसांत पहिल्या बाळंतपणाला येणार होती. या घरची बाळंतीण पानांच्या नव्या बाजेवरच निजे. बाजारची आणू, असं कोणी म्हटलं की म्हातारा ताटावरून उठे. शेवटी सून गोपिका विणायला बसली. वीस वर्षं तिने बंडूजींच्या समोर बसून सुतळीचा गुंडा सरकवला होता. स्वतः एकही फेरा घातला नव्हता.

"माह्या जाग्यावर बस," बंडूजींनी फर्मावलं. "विणणाऱ्याची जागा तेच."

ती बसली. दुसऱ्याच पानाशी सगळं फिसकटलं. दोर कुठून घ्यायचा, असं तिने विचारलं, तर बंडूजींना सांगता येईना. जे आयुष्यभर हातांनी केलं, त्याला तोंडाशी शब्दच नव्हते. तीनदा उसवलं. ही नक्षी आपल्याबरोबरच जाणार, असं म्हणून बंडूजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

चौथ्यांदा उसवायला गोपिका सवयीने पलीकडे, आपल्या जुन्या जागी जाऊन टेकली. तिथून तिने बाजेकडे पाहिलं, आणि उसवायचं राहूनच गेलं. चूक तिथून लख्ख दिसत होती. तिने ती सोडवली, दोन दोर उचलले, तिसरा सोडला. हात आपसूक पुढे निघाला. एक पान झालं, दुसरं झालं, टोकं बरोबर उशाकडे. तिची तिलाच भीती वाटली. हे सारं इतकी वर्षं आपल्यात होतं कुठे?

बंडूजी वळले. डाव्या हाताने त्यांनी पानं चाचपली, एकूण एक. मग तिच्यासमोर आपल्या जागी येऊन बसले आणि गुंडा तिच्याकडे सरकवला.

"मी तुले कधी शिकवलं नाई," ते म्हणाले.

"नाई, मामाजी. मी नुसती पाह्यत होती."

"अन् मले वाटे, तू गुंडाच सरकवून राह्यली."