हात जोडून लिहिलेली कमेंट

माझ्या जिगरी दोस्ताची कमेंट मी ‘द्वेषपूर्ण’ ठरवली आणि त्याचं दुकान बुडवणारी कमेंट ‘निर्दोष’ म्हणून सोडून दिली.

मी भाषेचा अभ्यासक. मशीनला द्वेष ओळखायला शिकवायचं, तर आधी माणसाला कमेंटींवर शिक्के मारावे लागतात. भोकरदनला घरी बसून मी एका प्रकल्पासाठी तेच करतो. नियमही मीच लिहिला होता, मोठ्या ऐटीत: शिवी किंवा धमकी दिसली की द्वेष, नसली की सोडा. कमेंटी नावं पुसून येतात. त्यामुळे “मुडद्या, परत मोटार जाळून आणलीस तर तुलाच तारेत गुंडाळतो” हे कुणाचं प्रेम, ते मला कळलंच नाही.

मग माझीच विहिरीवरची मोटार जळाली. दोस्ताचं वाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान स्टँडामागं. गव्हाला पाणी द्यायचे दिवस, एरवी मोटारी पार रस्त्यावर येतात. आज दुकान रिकामं. मी ऐसपैस स्टुलावर बसलो.

“काय बे, सुट्टी घेतली का?”

“हे वाच.” त्यानं मोबाईल पुढं केला.

त्याच्या व्हिडिओखाली गिऱ्हाइकांशी चाललेली त्याची नेहमीची मस्करी, तारेत गुंडाळायच्या धमकीसकट. दोस्त मुसलमान, शाळेपासून शिवीशिवाय त्याचं प्रेम उतू जात नाही. आणि त्याच्याच खाली: “कुणाला वाईट बोलायचं न्हाई. फक्त मोटार आपल्याच धर्माच्या माणसाकडं टाकावी, ही नम्र विनंती.” पुढं जोडलेले हात. त्याखाली ‘बराबर’, ‘बराबर’ची रांग.

दोन्ही माझ्याच हाताखालून गेलेल्या.

तिथूनच प्रकल्पाच्या प्रमुखांना फोन लावून ती विनंती वाचून दाखवली.

“त्यात वाईट शब्द कुठाय?” ते म्हणाले. “नियम तुमचाच आहे.”

“माझाच आहे, म्हणून मोडतोय. शब्द नका बघू सर, लोकांकडून काय करून घ्यायचंय ते बघा.”

“काम याच आठवड्यात द्यायचंय. नंतर बघू.”

“नंतर गहू निघंल. मशीनला हे असंच शिकवणार असाल तर माझे शिक्के मिळायचे न्हाईत. काढून टाका मला.”

फोन ठेवला. त्या नम्र विनंतीखाली स्वतःच्या नावानं लिहिलं: “माझी मोटार इथंच टाकलीय, इथंच भरणार. पोटात दुखत असेल त्यानं ओवा खावा.” प्रमुखांचा फोन पुन्हा वाजला. उचलला नाही. छाती फुगवून दोस्ताकडं पाहिलं.

“झालं का?” तो म्हणाला. “एवढं शिकून तुला हे वाचता आलं, तवर माझा सीझन गेला ना बे. ऊठ, स्टूल सोड. गिऱ्हाईक आलंच तर बसंल कुठं?”