काट्यावर हलका माणूस

डिचोलीच्या खाणीवर माझ्याइतका खणखणीत तब्येतीचा माणूस दुसरा नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. शाळा चौथीपर्यंत, वजन अठ्ठेचाळीस किलो, नोकरी वजनकाट्यावर खनिजाचे ट्रक तोलायची. तिथे किस्से लाल धुळीसारखे बसतात. संध्याकाळी झाडून घरी जावं, सकाळी खुर्चीवर पुन्हा तेवढेच.

*

शांताराम ड्रायव्हर सावंतवाडीकडचा. पोट स्टिअरिंगला टेकलेलं. पहिल्या खेपेआधी रिकाम्या ट्रकचं वजन घ्यावं लागे. मी खिडकीतून ओरडायचो, "शांताराम, तू खाली उतर. मला गाडी रिकामी लिहायची आहे."

रांगेतले ड्रायव्हर खिदळायचे. शांताराम खरंच उतरायचा. हे सुरू केलं तेव्हा गोवा केंद्रशासित होता. राज्य झालं तरी माझं चालूच.

*

मग एकदा कॅन्टीनमध्ये तपासणीचा कॅम्प लागला. सोनोग्राफीचं मशीन पणजीहून आलेलं. मी शांतारामला रांगेत पुढे ढकललं आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "याला पुरेल ना मशीन?"

शांतारामचं लिव्हर स्वच्छ निघालं. चरबी माझ्या लिव्हरवर.

"बाई, कागद बदललेत. जाडा तो, तिथे बसलाय."

बाईंनी मला पुन्हा आडवं केलं. पुन्हा तेच. म्हणाल्या, "बाहेर दिसत नाही म्हणजे आत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

कोणी कशाला सांगायला हवं? माझा काटा सांगत होता.

*

"दारू किती घेता?"

"थेंब नाही. देवाशप्पथ." आणि ते खरं होतं.

"चहा?"

"ट्रक किती येतात त्यावर आहे."

आमच्याकडे रीतच तशी. ज्याची पहिली खेप, त्याचा काट्याला, म्हणजे मला, चहा. वर गोड बन. ड्रायव्हर खूश तर साखर चार चमचे. दिवसभर मी खुर्चीत, चहा खिडकीत. बाईंनी पेन खाली ठेवलं. साखर बंद, रोज चालायचं, सहा महिन्यांनी पुन्हा मशीन. "ऐकलं नाहीत तर लिव्हर हळूहळू कडक होत जाईल. मग माझ्या हातात फार काही राहणार नाही."

त्या दिवसापासून मला खुर्चीत बसवेना. दोन ट्रकांच्या मधे उठायचो, उजव्या बरगडीखाली दाबून बघायचो, कडक लागतंय का. एकदा फार कडक लागलं. पट्ट्याचं बक्कल होतं.

*

पेडण्याला घरी सांगितलं नाही. बायकोने बिनसाखरेचा चहा बघितला आणि म्हणाली, "गोड कोणाच्या घरी पिऊन आलात?" मग मी सुकलो म्हणून जवळच्या चोपड्याहून बहीण आली, पिशवीभर गुळाचं खाजं घेऊन. "दादा, खा रे. हाडं दिसतात तुझी."

बारीक माणसाला आख्खा गाव आजारी समजून भरवतो. भरवूनच आजारी पडलो, हे कोणाला पटवणार? मी मूठभर खाजं कागदात गुंडाळून खिशात कोंबलं आणि दुसऱ्या दिवशी शांतारामला दिलं.

त्याने कागद उलगडला, माझ्याकडे बघितलं. "माका कित्याक?"

कशाला ते सांगितलं त्याला, सगळं. एकट्यालाच. तो हसला नाही. ते मला जास्त लागलं.

*

सहा महिने झाले. पणजीला मशीनखाली जायचा दिवस आला. शांतारामचा ट्रक दुरुस्तीसाठी तिकडेच निघालेला, म्हणाला, चल. मी केबिनमध्ये चढलो. बसल्याबसल्या दोनदा बरगडीखाली दाबून बघितलं. फाटकाबाहेर पडताना रिकाम्या गाडीचं वजन घ्यायचा नियम. माझ्या खुर्चीत त्या दिवशी दुसराच बसलेला. मागे चार ट्रक, ड्रायव्हर सगळे ओळखीचे.

काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी नेहमीचं काढलं. "शांताराम, उतर रे खाली. गाडी रिकामी लिहू दे त्याला."

शांतारामने इंजिन बंद केलं. माझ्या बाजूचं दार उघडून दिलं.

"बाबल्या, आज तू उतर. भरलेलो तू आसा."