विमानवाले साडू

माझ्या साडूंइतकी विमानं पाडलेला माणूस शत्रूच्या फौजेतही सापडायचा नाही. फरक एवढाच, की पाडलेली सगळी विमानं त्यांची स्वतःचीच! अहमदपूरच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि इतर लोक ज्या वयात भजनी मंडळाकडे वळतात, त्या वयात हे गृहस्थ रिमोटवर उडणारी विमानं करायला बसले. लातूरला किंवा नांदेडला मैदानावर असल्या विमानांचा मोठा शो लागला की मला फोन ठरलेला: "भाऊ, पंख धरायला माणूस लागतोय, या." मी या घरचा जावई झालो तो पंख धरायलाच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. एकदा एसटीत खिडकीची जागा विमानाला देऊन आम्ही दोघं नांदेडपर्यंत उभे राहून गेलो. कंडक्टरने विमानाचं तिकीट मागितलं, तर हे शांतपणे म्हणाले, "पाच वर्षांच्या आतलं हाय, साहेब."

नवं विमान घराबाहेर निघालं की त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, त्याच्या शेपटीला लिंबू-मिरच्या बांधणार, ट्रॅक्टरला बांधतात तशा. पहिलं विमान त्या वजनाने शेपटीवर बसलं आणि थेट शेजारच्या तुरीत गेलं. लिंबू काढा, असं सगळ्यांनी सांगितलं. साडूंनी लिंबू ठेवलं आणि नाकात तेवढंच शिसं भरलं. "लिंबू काढलं तर ती दिवसभर घोर लावून बसंल. नाकातलं शिसं कुणाला दिसायलंय?" बायकोच्या काळजीवर इतका नाजूक इलाज करणारा दुसरा नवरा मी पाहिलेला नाही.

यंदा लातूरच्या शोला त्यांनी तीन वर्षं खपून केलेलं सगळ्यात मोठं विमान आणलं. ते सुरेख वर चढलं. लोक माना वर करून बघत होते. एवढ्यात साडू हळूच म्हणाले, "भाऊ, यायलंय का जायलंय?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. विमान आपल्याकडे येत असलं की रिमोटवरचं डावं-उजवं उलटं होतं, सगळा खेळ त्यावरच. मी त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता.

"शुगरनं डोळे नेले. तिला सांगू नका, उडवू द्यायची न्हाई."

मला संताप आला. समोर लेकराबाळांसह माणसं बसली होती. पण ती वेळ भांडायची नव्हती. "यायलंय," मी म्हणालो. "आता उजवीकडं वळायलंय. खाली घ्या. अजून खाली."

टाळ्या पडल्या. साडू मात्र आभाळाकडेच बघत उभे होते. "उतरलं का?"

"उतरलं." मी हात पुढे केला. रिमोटला कुणाला बोट लावू न देणाऱ्या त्या माणसाने तो मुकाट्याने माझ्या हातात दिला. आता घरी सांगावं लागणार, हे दोघांनाही कळलं होतं.

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "वर असताना कसं दिसायलं होतं, भाऊ?"

अहमदपूर येईपर्यंत मी सांगत राहिलो.